कर्ता कुठं गेला?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय : बातमीत आणि सरकारी पत्रात "करण्यात आले" लिहून करणाऱ्याचं नाव गाळण्याबाबत

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या रस्त्याची चार ओळींची बातमी आली होती. पाइपलाइनसाठी रस्ता खोदण्यात आला असून काम होऊनही तो पूर्ववत करण्यात आलेला नाही, त्यामुळे नागरिकांतून नाराजी व्यक्त करण्यात येत आहे, असं त्यात होतं. बातमी खरी आहे, तो रस्ता आम्ही रोज तुडवतोय आणि बातमी दिली म्हणून आभारच मानतो. पण चार ओळीत दोनदा "करण्यात" आणि एकदा "खोदण्यात" आलं आणि माणूस एकही आला नाही. खोदला कोणी, बुजवायचा कोणी होता, ठेका कोणाचा, बिल निघालं का, यातलं काहीच वाचणाऱ्याला कळलं नाही. रस्ता जसा काय आपला आपणच उकरून पडलाय.

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वारस नोंद, रेशनकार्ड, बांधाचं भांडण, ऊसबिल, दाखल्यावरच्या नावातली चूक, असले अर्ज दिवसभर टाइप करतो आणि लोकांना आलेली उत्तरं वाचूनही दाखवतो, कारण बऱ्याच जणांना ती वाचता आली तरी कळत नाहीत. त्यामुळं ही भाषा रोज हाताखालून जाते आणि त्यावर जे वाटतं ते आज सविस्तर लिहितोय, जागा असेल तेवढं छापा.

आधी हे सांगतो की आडवळणानं बोलणं वाईटच असं माझं म्हणणं अजिबात नाही. आपली अर्धी बोली आडवळणाची आहे आणि ती मला फार आवडते. घरातून निघताना आपल्याकडं कोण "जातो" म्हणतं का, "येतो" म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. वाणी रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. रात्रीच्या वेळी साप हा शब्द जुनी माणसं तोंडातून काढत नाहीत, "लांबडं निघालंय" म्हणतात आणि ते ऐकून काठी घेऊन पळणाऱ्याला नक्की काय निघालंय ते बरोबर कळतं. सुनेला दिवस गेलेत म्हटलं की सगळी गल्ली समजून घेते. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आमचं मालक, कारभारी, पोरांचं बाबा असं म्हणतात, आणि नाव घ्यायचीच वेळ आली तर दोन ओळींचा उखाणा रचून त्यात ते गुंफतात.

कोणी वारलं तरी "मेला" असं कोणी म्हणत नाही. आण्णा गेले, देवाज्ञा झाली, असंच म्हणतात. पण बघा, गावात निरोप कसा फिरतो, "आण्णा गेलं, नऊला माती हाय, लेकीची वाट बगाय लागल्यात." आडवळण आहेच की हे, मरण हा शब्दच नाही त्यात, पण कोण गेलं, किती वाजता न्यायचं, कशासाठी थांबलेत, सगळं आलं. ऐकणाऱ्याच्या जिवाला जपलं आणि त्याला लागणारी माहितीही दिली, एक अक्षर लपवलं नाही.

वारीचंही तसंच. माउलींची पालखी आपल्या सातारा जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते तेव्हा दिंडीत नुसतं विठ्ठल विठ्ठल नसतं, पंढरीचा राणा असतो, रखुमाईचा पती असतो. ज्ञानोबांनी तर अभंगाच्या शेवटी आपली खूण म्हणून "बापरखुमादेवीवरु" असं लांबून नाव घेतलंय. एका शब्दात होणारं काम चार शब्दांत केलं, पण त्या चार शब्दांनी देव जवळ आला, तो बाप आहे, रखुमाईचा नवरा आहे, घरातलाच आहे. याला संस्कृतवाल्यांनी भामह नावाच्या जुन्या पंडितापासून अलंकार मानलंय, पर्यायोक्त, म्हणजे सांगायचं तेच पण सरळ न सांगता दुसऱ्या रीतीनं सांगायचं. शाळेत आपण पर्यायोक्ती म्हणून शिकलो, ते "सरकारी पाहुणचार घेत आहेत" वालं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. त्यातही तुरुंग शब्द नसला तरी माणूस कुठं आहे ते कळतंच, नाहीतर अलंकारच होत नाही तो. अर्थ पोचला पाहिजे ही त्याची पहिली अट.

व्याकरणातसुद्धा लांबून जाणं काही पाप नाही. एका शब्दाच्या रूपात जे मावत नाही ते भाषा दोन-तीन शब्द जोडून सांगते, "जेवत आहे", "जेवत होता", "जेवून घे", "जेवून टाक" या प्रत्येकाची छटा वेगळी आणि जोडीच्या क्रियापदानंच ती येते. काही ठिकाणी तर मराठीत दोन्ही वाटा आहेत, म्हातारी माणसं म्हणतात "मला आता जिना चढवत न्हाई", एकाच शब्दात सगळं, आणि पोरं म्हणतात "चढू शकत नाही". अर्थ जवळजवळ तोच, पण "बघवत नाही" मध्ये जी कळ आहे ती "बघू शकत नाही" मध्ये येत नाही, असं आपलं माझं मत. तर ते असो.

माझी तक्रार आहे ती एका ठरावीक वळणाबद्दल. शिपायानं दार उघडलं, हे साधं वाक्य. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात, क्रियापद दाराप्रमाणं चालतं, पण शिपाई वाक्यात उभा आहे. मग पुस्तकात येतो नवीन कर्मणी, "शिपायाकडून दार उघडलं गेलं", हा इंग्रजीच्या वळणानं आला असं पुस्तकातच लिहिलेलं असतं. जरा अवघडलेलं वाक्य आहे, बोलताना कोणी असं बोलत नाही, पण शिपाई अजून आहे, "कडून" ला लटकून का होईना. आणि तिसरी पायरी, "दार उघडण्यात आलं". इथं शिपाई संपला. वाक्य व्याकरणानं पूर्ण आहे, ऐकायला भारदस्त आहे, आणि त्याला कोणी विचारूच शकत नाही की बाबा तू कोण. या रचनेत कर्ता घालायची सोय आहे, "शिपायाकडून उघडण्यात आलं" असं लिहिता येतं, पण ती सोय वापरत कोण नाही, कारण हे वाक्य निवडलेलंच असतं कर्ता टाळायला.

त्याच्या जोडीला साधी क्रियापदं मोडून लांब करायची सवय. वाटलं च्या ऐवजी वाटप करण्यात आलं, तपासलं च्या ऐवजी तपासणी करण्यात आली, मागितलं च्या जागी मागणी करण्यात आली. वाटलं म्हटलं की लगेच विचारावं वाटतं कोणी वाटलं, कोणाला वाटलं. वाटप करण्यात आलं म्हटलं की कार्यक्रम झाल्यासारखं वाटून माणूस पुढं वाचायला लागतो.

एक प्रसंग सांगतो, कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, खालच्या वाडीवरनं एसटीनं. भावकीतल्यानं बांध नांगरून दोन हात आत घेतला होता, त्याचा अर्ज मीच टाइप करून दिलेला. आजींनी सांगितलं ते असं, "माझ्या मालकानं लावलेली करंजी हुती बांदाला, ती भावकीतल्यानं तोडली आन् बांद नांगारला, दिवाळीच्या आदल्या सोमवारी, म्या हुबी हुती." यात काय नाही? कोणी, काय, कधी, साक्षीदार, खूण. कोर्टात उभं राहावं असं वाक्य आहे. त्याचं उत्तर पिशवीतनं काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं, घडी चार वेळा घातलेली. त्यात होतं, "आपल्या संदर्भीय अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करण्याचे प्रस्तावित असून त्याबाबत आपणांस यथावकाश अवगत करण्यात येईल." मी वाचून दाखवलं. आजींनी विचारलं, "म्हंजी मोजाया कवा येणार?" मी परत वाचलं. त्यात दिवस नव्हता, माणूस नव्हता, टेबल नव्हतं, येणार हेसुद्धा नव्हतं. प्रस्तावित आहे म्हणजे ठरवायचं आहे, ते कोणी ठरवायचं तेही नाही. वाक्यात कितीतरी शब्द आणि त्या बाईला घरी जाऊन लेकाला सांगण्यासारखं एकसुद्धा नाही. आण्णांच्या मातीचा निरोप आणि हे पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा साहेब, दोन्ही आडवळणाचेच आहेत. निरोपात माणसाला जपलंय. पत्रात टेबलावरच्याला जपलंय आणि माणसाला परत एसटीत बसवलंय.

कोणी म्हणेल की सरकारी भाषा अशीच असते, पहिल्यापासून. तसं काही नाही. शिवाजी महाराजांच्या वेळचं चिपळूणच्या घोडदळाच्या छावणीला गेलेलं पत्र बऱ्याच जणांनी वाचलं असेल. रयतेला त्रास देऊ नका, लागेल ते बाजारात विकत घ्या, हा हुकूम, पण तो देताना त्यात सगळं चालतंबोलतं आहे, कोणी आगट्या करतील, कोणी भलत्या जागी चुली पेटवतील, कोणी तंबाखूला विस्तव नेतील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग घोडी कशी जगणार, असं. उंदरापर्यंत प्रत्येक करणारा त्या हुकमात आहे. हुकूमच तो, पण खालच्या साध्या माणसाला वाचून दाखवला की त्याला कळेल काय करायचं नाही आणि का. मराठी कागदाला हे जमत होतं.

आणि आपल्याच मातीतलं दुसरं उदाहरण, आगरकर. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूचे, १८५६ चा जन्म. आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, पण त्याच गावच्या या माणसानं १८८८ साली "वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण" हे पुस्तक लिहिलं, म्हणजे वाक्य सोडवून त्यात कर्ता कोणता, कर्म कोणतं, काय कशावर अवलंबून आहे ते बघायचं शास्त्र. आणि त्याच वर्षी "सुधारक" काढला, "इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार" म्हणून. मला या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच वर्षात केल्या याचं फार अप्रूप वाटतं. वाक्याचा कर्ता शोधणारा माणूसच पेपर काढून समाजाला विचारू शकतो की हे कोण करतंय. १९६४ ला राजभाषा अधिनियम आला, कारभार मराठीत झाला, फार मोठी गोष्ट झाली ती. पण बऱ्याच कागदांत शब्द तेवढे मराठी आले आणि वाक्य जुन्या साहेबाच्या फायलीतलंच राहिलं.

आता पावसाळ्याचं बोलतो, कारण तिथं हे वळण जिवावर बेतू शकतं. सांगलीत पाणी चढायला लागलं की कोणी कोणाला पाऊस किती असं विचारत नाही, "आयर्विन किती?" विचारतात. आयर्विन हा कृष्णेवरचा १९२९ चा पूल आहे, त्याच्या खांबावरचे फूट हीच आमची भाषा. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे लहान पोराला पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ आणि २०२१ पण लोक विसरलेले नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इकडची माणसं फूट ऐकून ठरवतात, गॅसची टाकी कधी हलवायची, जनावरं कधी सोडायची, म्हातारीला कोणाकडं न्यायचं. आणि मेसेज येतो, "पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." शक्यता नाकारता येत नाही म्हणजे काय समजायचं, वाढणार का नाही? नाकारणारा कोण? सतर्क राहावे म्हणजे रात्री झोपायचं का सामान बांधायचं? ज्या मेसेजमध्ये "कोयनेतून इतके क्युसेक सोडलेत, आत्ता आयर्विन ३६, उद्या सकाळपर्यंत ४० होईल, अमक्या भागातल्या लोकांनी आज संध्याकाळी बाहेर पडा, अमक्या शाळेत सोय आहे" असं असतं, तो वाचून लोक खरंच हलतात, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. असे मेसेजही येतात, नाही असं नाही, चांगलं लिहिणारे अधिकारी आहेत, त्यांचं कौतुकच आहे. तुमच्या पेपरात पुराच्या दिवसांत पहिलं वाक्य फुटांचं असावं, शक्यतेचं नसावं, एवढं तरी करा.

ऊसबिलाचं तर प्रत्येक हंगामात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, त्यात सरळ लिहिलंय, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं होणारी रक्कम, द्यायची, नाही दिली तर पुढच्या दिवसांचं १५ टक्क्यांनी व्याज. कायदा एवढा सरळ बोलतो. आणि शेतकऱ्याच्या हातात कागद येतो, "ऊस बिले अदा करण्याची कार्यवाही प्रगतीपथावर आहे." कोणाच्या प्रगतीच्या पथावर? बातमीतही मग "एफआरपी थकीत" एवढंच येतं. थकीत म्हणजे बिल आपलं आपण थकलं असं नाही, कोणीतरी थकवलं. "अमक्या कारखान्यानं अमक्या तारखेनंतरचं बिल दिलेलं नाही, कायद्यानं इतके दिवस उलटलेत, व्याज द्यावं लागेल" असं छापलं की शेतकरी तेच कात्रण घेऊन माझ्याकडं येतो आणि साखर आयुक्तांना अर्ज टाइप करायला सोपं जातं, हे अगदी खरं सांगतो.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा बघा. त्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत आहे, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी आहे, त्याच्यावर पहिलं अपील कोणाकडं, दुसरं कोणाकडं हे ठरलेलं आहे, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं आहे. म्हणजे कायद्यानं प्रत्येक कामाला कर्ता नेमून दिलाय. आणि पत्र लिहिताना तोच कर्ता वाक्यातून काढून टाकतात. म्हणून माझ्याकडं येणाऱ्याला मी सांगतो, अर्जात "योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती" असं मोघम लिहून थांबू नका, कोणत्या अधिकाऱ्यानं, कोणतं काम, किती दिवसांत करायचं ते लिहा, सेवेचं नाव लिहा, आणि अर्जाची पोच तारखेसकट घ्या. मोघम मागितलं की मोघमच मिळतं.

एका ठिकाणी मात्र आडवळण पाहिजेच. अत्याचाराच्या बातमीत त्या मुलीचं नाव, गाव, शाळा, घरच्यांचा धंदा काहीच कळू नये, कायदाही तेच सांगतो आणि माणुसकीही. पण तिथं उलटंच होतं बऱ्याचदा. "विवाहितेवर अत्याचार करण्यात आले" यात ती वाक्यात आहे आणि तो नाही. गावाचं नाव आणि नात्यांचे तपशील देऊन तिला ओळखू येईल असं लिहितात आणि करणारा "करण्यात" मध्ये निघून जातो. तिचं सगळं झाका, आणि गुन्हा कोणावर नोंदवला, पोलिसांनी कोणाला पकडलं, हे तिची ओळख पटणार नाही एवढं सांभाळून कर्ता ठेवून लिहा.

मला कल्पना आहे की बातमीदाराला वेळ नसतो, प्रेसनोट येते तशी लावावी लागते, आणि नाव घेतलं की नोटीस येते ही भीतीपण खरी आहे. म्हणून उगाच कोणाचं नाव घ्या असं मी म्हणत नाही. फक्त "कोणी?" एवढं फोन करून विचारावं. नाव नाही तर पद लिहा, पद नाही तर खातं लिहा. आणि विचारूनही कोणी सांगितलं नाही तर तसंच छापा, "रस्ता कोणाच्या परवानगीनं खोदला हे विचारलं असता कार्यालयातून उत्तर मिळालं नाही." यात कोणावर आरोप नाही, नोटीस यायचं कारण नाही, आणि वाचणाऱ्याला पुढं कोणाकडं जायचं ते कळतं. त्या रस्त्याची बातमी परत द्यायची असेल तर ठेकेदार कोण, कामाचा आदेश कोणी काढला आणि बुजवायची मुदत काय होती हे तीन प्रश्न विचारून द्या, वर्क ऑर्डरची प्रत माहिती अधिकारात मागायचा अर्ज लागला तर मी टाइप करून देतो, पैसे घेणार नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक टायपिंगवाला, जि. सांगली